ओढ्यापलीकडची जोडी

ओढ्याच्या अलीकडे कर्जत तालुका, पलीकडे खालापूर. दोन्हीकडे एकेक ठाकरवाडी. नळ आला तो अलीकडच्या वाडीला. पलीकडची दुसऱ्या तालुक्यात पडते म्हणून कोरडी राहिली. या अन्यायावर आम्ही संघटनेची माणसं चौक गावच्या नाक्यावर पत्रकं वाटत होतो. मुंबईहून आलेल्या अर्थशास्त्राच्या सरांना मात्र हा अन्याय फार सोयीचा वाटला. म्हणाले, माणसं सारखी, डोंगर सारखा, मध्ये फक्त हद्दीची रेघ. नळानं आयुष्यात काय बदलतं ते इथं स्वच्छ मोजता येईल, आणि फरक दिसला की पलीकडेही नळ मागता येईल. तेवढ्यासाठी मी पाहणीचं काम घेतलं.

सरांनी अलीकडच्या प्रत्येक घराला पलीकडचं तशाच परिस्थितीतलं घर जोडी म्हणून लावलं होतं. बायकांनी विचारलं, आमाला कुनासंगं ताडून बघता? कुणाची जोडी कोण, ते मी सांगून टाकलं. सर चिडले. चिडू देत. ज्यांना मोजायचं त्यांच्यापासून लपवायचं काय?

उन्हाळ्यात पुन्हा गेले. भर दुपारी पलीकडची वाडी ओस, सगळे मजुरीला गेलेले. कुत्रंही भुंकलं नाही. ओढा आटलेला, वाळूत उकरलेला डवराही सुका. आणि प्रत्येक दारात एक भरलेला हंडा, बाहेरून ओला, तोंडावर पळसाचं पान. वाटेवर एक थेंब नाही की पाऊल नाही. मी बघत असताना एका हंड्यावरचं पान हललं. वारा नव्हता.

बाया परतल्यावर एकीला गाठलं. तिची सून पोटुशी होती. पाणी कोण आणतं, विचारलं.

"येतं," ती म्हणाली.

शेजारणींचंही तेच. येतं. फार खोदल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "दिलेलं पानी बोलायचं नसतं गं. बोललं की आटतं."

तेव्हा कळलं. जोडी म्हणजे यांच्या लेखी नातं. अलीकडची बाई नळावर दोन हंडे भरत होती, एक आपला, एक जोडीचा. दुसरा ओढा कसा ओलांडायचा, ते मात्र मला कधी दिसलं नाही.

सरांच्या आकड्यांत फरकच उरला नाही. पाण्यासाठी आता ना इकडची बाई वणवण फिरत होती, ना तिकडची. सरांनाही संशय आला होता, पण त्यांना कुणाच्या तरी तोंडून हवं होतं. नाहीतर अहवालात राहणार होतं एकच वाक्य: नळानं फरक पडत नाही. मग पलीकडे नळ कोण देईल? मी त्या बाईकडे परत गेले, हे सगळं सांगितलं, सुनेची आण घातली. तिनं हंड्यावरचं पान सारखं केलं आणि आत निघून गेली. अलीकडच्या बायकांनीही तोंड उघडलं नाही.

मग मीच बोलले. सरांपुढे, नंतर पंचायत समितीच्या बैठकीत, मोठ्यानं. अहवाल बदलला. पाइप मंजूर झाले, येऊन ओढ्याकाठी पडले. अजून तिथंच पडलेत, त्यांच्या तोंडांतून दुपारी वारा घुमतो.

परवा गेले तर पलीकडे दारोदार हंडे पालथे. सून डवऱ्यात गुडघ्यापर्यंत उतरून वाटीनं पाणी खरवडत होती, पाठीला पोर बांधलेलं. सासू वर उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोललीस ना गं?"

बोलले. पाइप जमिनीत जाईपर्यंत बोलत राहीन. पण त्या दुपारी प्यायला पाणी मागायची माझी हिंमत झाली नाही.