भिंतीची वाट पाहणारी चित्रं

आइंडहोवनहून सुटलेली रॉटरडॅमची गाडी जवळजवळ रिकामी होती. मास्कमुळे चष्म्यावर वाफ आणि मांडीवर कॅमेऱ्याची बॅग. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे नेदरलँड्सला आले, हळूहळू फोटोग्राफीत जम बसवला आणि करोनाने लग्नं-बारशी बंद पाडली. बऱ्याच दिवसांनी मिळालेलं हे काम शेजारच्या एलेनाचं. मुलगा पॉझिटिव्ह आल्याने ती घरात अडकली होती.

"बाबा चित्रं घेत सुटलेत आणि उघडतसुद्धा नाहीत," ती फोनवर म्हणाली. "आई गेल्यापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नाही. विम्यासाठी हवेत असं त्यांना सांगून फोटो काढ. मी सगळी विकून टाकते."

तिचे बाबा रामीरो. वडीलधाऱ्याला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून माझ्यापुरते रामीरोकाका. स्पेनची संत्री रॉटरडॅम बंदरात उतरवून त्यांनी बक्कळ पैसा केला. तळ्याकाठचं त्यांचं घर छतापर्यंत चित्रांनी भरलेलं, आणि आतल्या बोळात मात्र कागदात गुंडाळलेली चित्रं भिंतीला टेकून उभी.

मी कॅमेरा काढणार तोच ते म्हणाले, "आधी जेवण."

लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना आम्ही दोघं. डच घरात कॉफीबरोबर एक बिस्किट मिळतं आणि डबा बंद होतो. इथे तोर्तिया (बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट) संपायच्या आत पुढचा तुकडा ताटात! आग्रह थेट आपल्या पंगतीतला. मग सोब्रेमेसा (जेवणानंतर टेबलावरच रंगणाऱ्या गप्पा). मी धीर करून न उघडलेल्या चित्रांबद्दल विचारलं.

"आम्ही स्पेनहून आलेली पाच-सहा घरं. पैसा आला, मग चित्रांचा नाद लागला. आमची एक रीत आहे. नवं चित्र घेणाऱ्याने स्वतः उघडायचं नाही. मित्र जेवायला येतात, ते उघडतात, तेच भिंत ठरवतात. भांडतात किती!"

"मग नियम सैल झाले की बोलवा ना त्यांना."

"बोळातली चित्रं त्यांचीच आहेत. ते या साथीत गेले. त्यांच्या मुलांनी विकायला काढली, म्हणून मी घेतली. आता उघडणार कोण?"

मी कॅमेऱ्याची बॅग पायाने खुर्चीखाली सरकवली. मीसुद्धा चित्रं विकायला मदत करायलाच आले होते.

"आज तुम्ही पाहुण्या," ते उठले. "एक तरी उघडा."

मला चित्रांतलं ओ की ठो कळत नाही. कागद सोडवला, तर निळ्या ताटलीत चांदीसारखे मासे. मी म्हटलं, स्वयंपाकघरात लावा.

"स्वयंपाकघरात? वाफेने वाट लागेल!"

"मग जिन्यात."

"जिन्यात अंधार!"

बराच वेळ आम्ही वाद घातला. काका खळखळून हसले, मग डोळे पुसू लागले. मासे खुर्चीवरच राहिले आणि कॅमेरा बॅगेत.

परतीच्या गाडीतून एलेनाला फोन लावला. "तुझे बाबा ठणठणीत आहेत गं. त्यांची माणसं गेलीत," म्हटलं आणि सगळं सांगितलं. आपल्याकडे माणूस गेलं की घर नातेवाइकांनी भरतं. त्या वर्षांत कुणाचंच भरलं नाही. रामीरोकाकांनी मित्रांच्या चित्रांनी घर भरलं, यात डोकं फिरलं कुठे? मला फार वाईट वाटत होतं.

एलेना म्हणाली, "ते माशांचं चित्र अजून टांगलेलं नाही ना? बाबांना सांग, तसंच ठेवा. बाहेर पडता आलं की मी पहिली तिथे जाते. मला त्यांच्याशी भांडायचंय."