'थोल'चं तिसरं कार्ड

इंग्रजी कोशाच्या त्या कार्यालयात एक नियम होता. गेल्या पन्नास वर्षांत शब्द वापरल्याचे तीन लेखी पुरावे मिळाले तर शब्द राहील, नाहीतर नव्या आवृत्तीतून त्याची गच्छंती. एका पुराव्याला एक कार्ड.

ही कार्डं लिहिता लिहिता बाईंची एकतीस वर्षं गेली होती. मान लाकडासारखी ताठ झालेली. घरी यजमान अंथरुणाला खिळलेले. दुपारचं पाणीसुद्धा शेजारच्या वहिनींच्या हातून. बाईंना आता यजमानांजवळ बसायचं होतं, बाकी काही नको होतं. दोनदा नोकरी सोडण्याचा अर्ज दिला, दोनदा संपादकसाहेबांनी तो खणात सारला. "बाई, तुम्ही गेलात की मी आंधळा."

सध्या साहेबांचं घोडं 'थोल'पाशी अडलं होतं. हजार वर्षांहून जुनं क्रियापद. अर्थ, वाट्याला आलेलं मुकाट्यानं सोसणं. इंग्लंडच्या दक्षिणेनं ते कधीच टाकून दिलं, उत्तरेत आणि स्कॉटलंडात मात्र ते चिवटपणे टिकलं. साहेबांच्या गुरुजींनी ते स्वतः कोशात घातलेलं, म्हणून साहेबांचा त्याच्यावर जीव. कार्डं मात्र दोनच.

"तिसरं मिळालं का हो? संध्याकाळी पान छापायला जातंय."

"बघते."

बाईंनी चष्मा पुसला, कोरा कागद ओढला, इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, तारीख घालून सही केली आणि कागद साहेबांपुढे ठेवला.

साहेब अर्थ लावत वाचू लागले. "एकतीस वर्षं मी ही खुर्ची थोलली, आता मला मोकळं करावं... हे काय आहे?"

"अर्ज आहे आणि पुरावाही. खासगी कागद चालतो, नियम तुमचाच. फक्त आवक वहीत नोंद हवी."

"नोंद केली तर तुम्ही जाणार."

"नाही केली तर 'थोल' जाणार."

"चांगलंच कोंडीत पकडलंत."

"तुमच्याच हाताखाली शिकले."

साहेबांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी आवक वही ओढली. शिक्क्याची शाई वाळली होती. शिक्का दोनदा दाबावा लागला.

बाईंनी तिसरं कार्ड नेहमीच्याच बारीक अक्षरात लिहिलं, आधीच्या दोन कार्डांच्या मागे लावलं आणि जेवणाचा डबा पिशवीत टाकला.

"एक शंका," साहेब म्हणाले. "'थोल'च्या अर्थात आपण 'मुकाट्यानं' म्हटलंय. तुम्ही तर बोलून दाखवलंत."

"म्हणून तर बोलायला एकतीस वर्षं लागली," बाई म्हणाल्या, आणि जिना उतरू लागल्या.