मूळ फाईल आणि आईची प्रत

खटखटताईंचं खरं नाव आता त्यांच्या ओळखपत्रालाच तेवढं ठाऊक असेल. टाइपरायटरच्या दिवसांत गल्लीने हे नाव ठेवलं. पुढे संगणक आला, खटखट गेली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बसस्टॉपमागच्या गाळ्यात एक संगणक, एक खोकणारा प्रिंटर, गिऱ्हाइकासाठी एक डुगडुगती खुर्ची आणि ताई. भाडेकरार, अर्ज, कुणाचा प्रबंध, कुणाची शेजाऱ्याविरुद्ध तक्रार. दिवसभर दुसऱ्यांचंच लिखाण त्यांच्या बोटांतून जायचं.

कामाची एक रीत होती. ती मोडली तर ताईंना अन्न गोड लागत नसे. फाईल आली की आधी तिची कॉपी काढायची. मूळ फाईल तशीच ठेवायची आणि काय खाडाखोड करायची ती कॉपीत. "मुळाला हात लावू नये हो! कॉपी बिघडली तर दुसरी निघते. मूळ बिघडलं तर बसा मग कपाळाला हात लावून." फाईल बिघडवून धावत आलेल्या कितीतरी जणांना त्यांनी हे सुनावलं होतं. नावापुढे 'कॉपी' असेल त्या फाईलला हात लागलेला, नसेल ती कोरी करकरीत. इतका सरळ मामला.

ही रीत वडिलांची. अण्णा जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. लेखकाचा कागद डाव्या हाताला ठेवायचा, त्यावर शाईचा ठिपकाही पडू द्यायचा नाही. यंत्रांच्या धडधडीत त्यांचे कान गेले. "एवढीच काय ती कमाई घरी आणली," असं स्वतःच हसत सांगायचे. आई गेली आणि ते हसणंही आटलं. आता कानाला मशीन होतं, पण ऐकण्यासारखं घरात काही उरलं नाही म्हणायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. उरलेला वेळ खिडकीत. ताईंच्या जिवाला तो घोर लागून राहिला होता.

आणि एक दिवस या माणसाने नाटक लिहायला घेतलं! नाटक कसलं, घरचीच गोष्ट. छापखान्यात राबणारा बाप, घर सोडून निघालेला मुलगा आणि दोघांच्या भांडणात मान खाली घालून उभी असलेली आई. ताईंनी ते टाइप केलं आणि फाईलला नाव दिलं 'मूळ'. गल्लीतल्या हौशी मंडळींनी ते बसवायला घेतलं आणि अण्णा पहाटे उठून दाढी करायला लागले. भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरायला लागले! ताईंना आणखी काय हवं होतं? फक्त अण्णांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "माझा एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला, तरी नाटक परत घेईन. मग म्हणू नका, सांगितलं नव्हतं."

आणि ते घेतलंही असतं. तत्त्वाला जागण्यात त्यांचा हात कोण धरणार?

दिग्दर्शक होते बँकेतले कॅशियर. त्यांनी ताईंना सांगितलं, प्रत्येक पात्राची वेगळी प्रत काढा, ज्याची त्याची वाक्यं ठळक करा. ताईंनी 'मूळ'वरून तीन प्रती काढल्या आणि नावं दिली 'बाप', 'मुलगा', 'आई'. बापाच्या प्रतीत पानंच्या पानं ठळक झाली. आईच्या प्रतीत काय? "हो." "बरं." "चहा ठेवते." संपली आई.

ताईंचं डोकंच फिरलं. आई गप्प होती? आमची आई? अहो, ती माउली भांडी घासताना बोलायची, कपडे वाळत घालताना बोलायची, अण्णांच्या खुर्चीमागे उभी राहून तर अखंड बोलायची. ऐकायला लेक होती. ज्याला ऐकवायचं, त्याचे कान छापखान्यात राहिले होते.

दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही. मुलगा बॅग घेऊन दारात उभा आहे, त्या जागी ताईंची बोटं आपोआप चालायला लागली. आई बोलायला लागली. थोडं आईचंच होतं, जसं आठवलं तसं. थोडं ताईंचं स्वतःचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या स्वतःचं काही लिहीत होत्या, आणि तेही वडिलांच्या नाटकात घुसून! लिहून झालं, त्यांनी ते वाचलं आणि पदराने डोळे पुसले. मग एकदम जीभ चावली. "अगं बाई, कॉपी राहिली!" घाईघाईने 'आई' फाईलची कॉपी काढली, तिला 'आई - कॉपी' नाव पडलं, आणि तेवढ्यात एकजण अर्ज घेऊन धापा टाकत आत आला.

झालं! चोर निघून गेल्यावर कुलूप लावलं होतं. लिहिलेलं आता दोन्हीकडे होतं आणि ताईंच्या डोक्यात मात्र 'आई' ही फाईल कोरीच राहिली.

तालमीच्या दिवशी सकाळी त्यांनी रोजच्या भरवशावर 'कॉपी' नाव नसलेली फाईल छापली आणि वाटून टाकली.

तालीम शाळेच्या रिकाम्या वर्गात होती. आईचं काम करणार होती शेजारची शिवणवाली. ती आधीच गाल फुगवून बसलेली. "तीन वाक्यांसाठी मशीन बंद ठेवून यायचं म्हणजे अतीच झालं." अण्णा पहिल्या बाकावर, इस्त्रीचा सदरा घालून. बाप झाले होते दातांचे डॉक्टर. ते गरजले, "जायचं तर जा! तुझ्यावाचून या घरात कुणाचं अडलेलं नाही!"

शिवणवालीने पान उलटलं. तिचा चेहरा बदलला. मग तिने वाचायला सुरुवात केली.

"माझं अडलंय."

मागच्या बाकावर ताईंनी कपाळाला हात लावला.

"तुम्हाला वाटतं, मी बोलत नाही. मी रोज बोलते. तुमच्या पाठीमागे उभी राहून बोलते. आज समोर येऊन सांगते. त्याला जायचंय तर जाऊ दे. पण शिव्या खाऊन नको, जेवून जाऊ दे. आणि तुम्हीही बसा त्याच्या शेजारी. दोघांना एकदा शेजारी बसलेलं बघू दे मला."

डॉक्टरांना आपलं पुढचं वाक्य सापडेना. कॅशियर आपल्या प्रतीत बोट फिरवत म्हणाले, "हे कुठे आहे? माझ्याकडे नाहीच!" अण्णांनी हात वर केला.

"हे कुणी घातलं?"

ताई उठल्या. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. "मी, अण्णा. छापायचं नव्हतं, चुकून गेलं. पण लिहिलं मीच. तुमच्या नाटकातली आई गप्प आहे. आपली नव्हती."

"ती काही बोलायचीच नाही," अण्णा म्हणाले.

"बोलायची हो! तुमच्या खुर्चीमागे उभी राहून बोलायची. तुम्हाला ऐकू येत नव्हतं, आणि तुमच्या समोर यायचं तिला कधी जमलं नाही."

अण्णांनी तोंड फळ्याकडे फिरवलं. आता नाटक परत मागणार, उद्यापासून पुन्हा ती खिडकी, असं ताईंना वाटलं. त्यांना रडू फुटलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. अण्णा उठले, शिवणवालीच्या हातातली पानं घेतली आणि लेकीला म्हणाले, "चल, गाळा उघड."

गाळ्यात आल्यावर अण्णा म्हणाले, "मूळ फाईल काढ." ताईंनी काढली. हात सवयीने कॉपी करायला गेला.

"कॉपी कशाला? मुळात घाल."

"अहो, तुम्हीच ना जन्मभर सांगत आलात, मुळाला हात..."

"ते दुसऱ्याच्या लिखाणाला. हे घरचं आहे."

ताईंनी बोटं पुसली आणि दारातल्या प्रवेशात आईचं बोलणं घातलं, शब्दन् शब्द. अण्णा मागे उभे राहून वाचत होते. शेवटच्या ओळीनंतर ताईंनी फाईल सेव्ह केली. बंद करणार, तेवढ्यात अण्णांनी ती डुगडुगती खुर्ची ओढून समोर घेतली. कानातल्या मशीनचा आवाज इतका वाढवला की ते शिटी मारायला लागलं.

"अजून काय काय म्हणायची गं ती?" ते म्हणाले. "सगळं सांग. ऐकतोय मी."