अर्धेलीचा तांबडा

आमच्या राई गावच्या घरातल्या कोंबड्या आमच्या नव्हत्या, हे मला बरीच वर्षं पटत नव्हतं. खुराडं झाडायचं मी, कोंडा कालवायचा मी, घारीमागे बोंबलत धावायचं मी, आणि कोंबडी म्हणे मावशीची! ही मावशी म्हणजे जवळच्या तारोडी गावची ख्रिस्ती कोळीण, आईची मैत्रीण. पाटी घेऊन दिवसभर मासळी विकत फिरायची, म्हणून तिने आपली कोंबडी आईकडे अर्धेलीने ठेवली होती. सांभाळायची आम्ही, आणि पिल्लं मोठी झाली की निम्मी तिची, निम्मी आमची. वाटणी आमच्या ओट्यावर व्हायची. एखादं पिल्लू जास्त निघालं तर "तू घे", "न्हाय, तूच घे" करता करता दोघींचा चहा गार होऊन जायचा.

एका पावसाळ्यात मानमोडीचा रोग आला. मान मुरगळून पडलेली कोंबडी पुन्हा उठत नसे. सगळं खुराडं रिकामं झालं आणि उरला एक तांबडा कोंबडा. एकाची वाटणी करायची कशी, म्हणून तो तसाच आमच्याकडे राहिला. माझ्या हातातले दाणे टिपायचा आणि धाकट्या भावाच्या पायाला चोची मारायचा.

पाऊस सरता सरता भाऊ तापाने आडवा झाला. बैलगाडीत घालून भाईंदरच्या डॉक्टरला दाखवून आणला, तरी ताप उतरेना. आईने गावदेवीला तांबडा बोलला. त्याच आठवड्यात वादळ झालं आणि मावशीच्या नवऱ्याची होडी परत आली नाही. तिने चर्चमधल्या सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, नवस केला. तोच तांबडा! एकमेकींना विचारायची शुद्ध होती कुणाला?

मग भावाचा ताप उतरला. होडीही आली. आणि आमच्या ओट्यावर दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसल्या.

"दुसरा कोंबडा आणा, हाय काय न्हाय काय," वडील म्हणाले. पण बोललेला कोंबडा बदलता येत नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. माझा गोंधळ निराळाच होता. एका कोंबड्यावर दोन देवींनी कामं केली कशी? त्यांनी तरी आपापसात विचारून घ्यायला नको? की काम एकीनेच केलं होतं आणि दुसरीला आम्ही उगाच देणार होतो? नवस फेडण्यात चूक झाली तर ताप परत कुणाला येणार, ते मात्र मला पक्कं कळत होतं. शाळेतून आले की दप्तर टाकायच्या आधी मी भावाच्या कपाळाला हात लावून बघायचे.

तोड आईने काढली. "तुजे सायबिणीला जिता लागतो ना? मग आधी तिचा. सणाला वाहिलेल्या कोंबड्यांचा लिलाव होतो, तवा आमी तोच घेऊ न आमचे देवीला देऊ."

तसंच झालं. मावशीने तांबडा चर्चमध्ये वाहिला आणि वडिलांनी बोली लावून सोडवून आणला. "देवीला उष्टं चालतं का, ते इचारून ठेव हां," ते आईला चिडवत होते. आई हसली नाही. गावदेवीपुढे कोंबडा कापला तेव्हा मी डोळे गच्च मिटले. मला रडू येत होतं, आणि भाऊ आता पक्का बरा झाला म्हणून सुटल्यासारखंही वाटत होतं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, ते मला समजेना. शिजवलेलं निम्मं कोंबडं डब्यातून तारोडीला गेलं. वाटा तो वाटा.

पुढच्या वर्षी मावशीचा नवरा समुद्रावर गेला तो परत आलाच नाही.

बऱ्याच दिवसांनी ती पाटी घेऊन आमच्याकडे आली. ओट्यावर टेकली आणि तिने भावाला जवळ ओढून घेतलं. "बरा हाय ना रं तू?" आई लगबगीने आत गेली ती बाहेर येईना. मी बघायला गेले, तर चुलीपुढे उभी राहून ती तोंडात पदर कोंबून रडत होती. मला काहीच कळेना. आमची काही चूक झाली होती का?

"आये, तांबड्याचं आपण निम्मं निम्मंच केलं होतं ना?"

"न्हाय गो," आई म्हणाली. "आपले वाट्याला पुरा आला."

बाहेर मावशी भावाला विचारत होती, जेवलास का म्हणून.