सर्वानुमते

आमच्या महासंघाची घटना बर्मिंगहॅममध्ये एका डॉक्टरांच्या घरी, जेवणं झाल्यावर लिहिली गेली. ब्रिटनभरच्या मराठी मंडळांचा एक महासंघ असावा ही हौस सगळ्यांनाच होती, पण आपलं मंडळ दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणार नाही, हा ताठाही होता. शिवाय हात वर करून मतं मोजणं म्हणजे भांडण झाल्याची कबुलीच. म्हणून त्या सज्जनांनी लिहून टाकलं की घटनेतला कोणताही बदल सगळ्या मंडळांच्या संमतीनं, सर्वानुमते व्हावा. शिष्टाचाराचा त्यांनी कायदा केला. महासंघाला ना वर्गणी मागायचा अधिकार, ना कुणाला काही सांगायचा. वर्षातून एक संमेलन, बाकी चहापाणी.

त्याच घटनेत आणखी एक ओळ होती: एका शहरात एकच मंडळ. स्लाऊचं मंडळ आधीपासून सभासद होतं. त्यामुळे स्लाऊचाच आमचा बौद्ध मंडळींचा संघ संमेलनात कायम पाहुणा. सभासदांच्या गळ्यात केशरी पट्टी, पाहुण्यांच्या गळ्यात हिरवी. माझी आई सकाळपासून त्यांच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायची, हिरवी पट्टी घालून.

"दर वर्षी तेच पाहुणे असतात का गं कुठे?" तिनं एकदा विचारलं. आता ती थकली आहे. एकदा तरी सभासद म्हणून त्या हॉलमध्ये बसावं, एवढंच तिचं म्हणणं.

आमच्या घरात देव्हारा नाही, त्या जागी देशाच्या घटनेची प्रत आहे. घटना दुरुस्त करता येते हे मी पाढ्यांबरोबर शिकले. त्यामुळे मी मोठ्या उत्साहानं दुरुस्तीच्या मागे लागले. बहुतेक मंडळांनी होकार दिला, काहींनी आढेवेढे घेऊन. स्कॉटलंडच्या एका मंडळाकडून मात्र काहीच उत्तर येईना. चौकशी केली तर ते मंडळ कधीच बंद पडलं होतं. एडिनबरात त्याचे एकच सभासद उरले होते, एक निवृत्त डॉक्टर. सभासद मंडळांची यादी घटनेतच होती, त्यामुळे मंडळ यादीतून काढायचं तर घटना बदलायला हवी, आणि त्याला त्या मंडळाची संमती हवी.

मी ट्रेननं एडिनबराला गेले. डॉक्टरांनी स्वतः चहा केला.

"अहो, माझी कसली हरकत? हंड्रेड पर्सेंट यस," ते म्हणाले. "पण मंडळाची संमती मीटिंगमध्ये द्यावी लागते, आणि मीटिंगला कोरम लागतो. मी एकटा काय करणार? बर्मिंगहॅमला घटना लिहिली तेव्हा मीही होतो, सर्वानुमतेचा क्लॉज माझाच आहे बरं का. कुणावर मेजॉरिटी लादली जाऊ नये म्हणून घातला."

हे त्यांनी कौतुकानं सांगितलं. मला भयंकर राग आला. चहा चांगला होता याचाही आला.

माझी मुलगी ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, हिस्टरी शिकते. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, अमेरिकेचं पहिलं गव्हर्नमेंट सेम होतं. टॅक्स घेता येत नव्हता, आणि रूल्स चेंज करायला सगळ्या स्टेट्सचं यस पाहिजे होतं."

"मग काय केलं त्यांनी?"

"रिपेअर करणं सोडलं. नवीनच लिहिलं, आणि सगळे हो म्हणेपर्यंत थांबले नाहीत."

महासंघाच्या कार्यकारिणीच्या बैठकीत मी पाहुणी म्हणून परवानगी घेऊन हेच मांडलं. अध्यक्ष अगदी गोड आवाजात म्हणाले, "ताई, आयडिया छान आहे. पण एवढं मोठं काही करायचं तर सर्वानुमते व्हायला हवं ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या.

या वर्षीच्या संमेलनाला डॉक्टर एडिनबराहून आले. दारातल्या टेबलावर त्यांनी केशरी पट्टी परत केली आणि हिरवी मागितली. "माझं मंडळ आता उरलेलं नाही. मीही गेस्टच," म्हणाले. आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. मग जेवायला ते मुद्दाम आईशेजारी येऊन बसले.

आईनं त्यांच्या गळ्यातल्या पट्टीकडे पाहिलं आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

"तुम्ही ती मागून घेतलीत, डॉक्टर," ती म्हणाली. "आमच्या गळ्यात तुम्ही घातलीत."