साचे बंद त्या दिवशी

आईचा आजार बोटांपासून सुरू झाला. सुरतेतल्या नवागाममध्ये आमच्या खोलीमागच्या गल्लीत साच्यांचं खातं, म्हणजे कारखाना होता. साचे म्हणजे यंत्रमाग. सुरतेत त्यांना यंत्रमाग कुणीच म्हणत नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे साचे चालवत आणि आई दाराशी बसून बॉबिन भरत असे. एका हिवाळ्यात सकाळी उठल्यावर तिची मूठ उघडेना. थंडीमुळे असेल म्हणून तिने हात चुलीवर शेकले आणि कामाला गेली. दोन वर्षांनी तुटलेल्या धाग्याला गाठ मारणंही तिला जमेना, तेव्हा शेठने दुसरी बाई ठेवली.

त्या काळात मी खानदेशात, तालुक्याच्या गावी मामांकडे राहून शिकत होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई-अण्णा सुरतेत खपले, मामींनी स्वतःच्या मुलीसारखं वाढवलं, शाळेतल्या बाईंनी आपली पुस्तकं दिली, तेव्हा कुठे मी बी.ए. झाले. या सगळ्यांचं ऋण मी आजही मानते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पदवी घेऊन मी सुरतेला आले आणि एका खाजगी मराठी शाळेत शिकवू लागले.

आई मला आधी ओळखूच आली नाही. गल्लीतला डॉक्टर तिला कसल्या तरी पांढऱ्या गोळ्या द्यायचा. त्या घेतल्या की दुखणं कमी व्हायचं, पण चेहरा सुजून गोल झाला होता, हातांची कातडी कागदासारखी पातळ झाली होती आणि भांड्याची कड लागली तरी काळानिळा डाग पडायचा. बोटं मात्र करंगळीच्या दिशेला कललेली ती कललेलीच. शेजारी अमरावतीकडच्या एक काकू राहायच्या. त्या तिला चिडवायच्या, "काय वो वहिनी, पाह्यता पाह्यता शेठानीच झाल्या तुम्ही! जावई आला तं घाबरून पळंन."

आई हसायची. "पळू दे. मन्ही पोरगी शिकेल शे, तिले दुसरा मियी जाई." मग वेणी घालून घ्यायला माझ्यापुढे बसायची, कारण हात आता डोक्यापर्यंत जात नव्हता.

मी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हात, गुडघे, पावलं तपासली, रक्त काढायला लावलं. हा संधिवात आहे, पण म्हातारपणी होतो तो नव्हे, असं त्यांनी समजावलं. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठलं आहे, ते पुरतं बरं होणार नाही, पण आवरता येईल, म्हणाले. पांढऱ्या गोळ्या हळूहळू कमी करायला सांगितल्या आणि बारीक पिवळ्या गोळ्या लिहून दिल्या. एका वेळी तीन. दर महिन्याला रक्ताची तपासणी.

"रोज नहीं," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "हफ्ते में एक बार. कोई भी एक वार पक्का कर लो. तुम पढ़ी-लिखी हो बेन, इसलिए तुमको बोल रहा हूँ."

ते ऐकून मला अभिमान वाटला, हे लपवत नाही.

वार ठरवायचा होता. आईला वार कळत नसत. तिला अक्षरओळख नव्हती आणि वारांशी तिचं कधी काम पडलं नव्हतं. पण आमच्या भागातले साचे आठवड्यातून एक दिवस बंद असत आणि तो दिवस तिला अचूक कळायचा. एरवी रात्रंदिवस खडखड चाललेली असायची, त्या खडखडीत आम्ही जेवायचो, झोपायचो, बोलायचो. त्या एका सकाळी ती नसायची. आई डोळे न उघडताच म्हणायची, "आज बंद शे."

म्हणून मी तिला सांगितलं, "माय, साचे बंद असतात ना, त्या दिवशी या तीन गोळ्या घ्यायच्या. साचे चालू, तर गोळी नाही."

तिने मान डोलावली. मला माझी युक्ती फार आवडली. शाळेत मुलांना शिकवताना हेच करायचं असतं, माहीत असलेल्या गोष्टीला नवी गोष्ट जोडायची, असं मी अण्णांनाही समजावून सांगितलं.

सात-आठ महिने सगळं नीट चाललं. बंदच्या दिवशी तिला मळमळायचं, तेलाचा वास नको व्हायचा, ती दिवसभर पडून राहायची. केस विंचरताना पुंजके हातात यायचे. पण सूज उतरली. एकदा तिने स्वतः भाकरी थापली, कडेने फाटलेली, आणि काकूंना दाखवायला ताटात घेऊन गेली.

त्या दिवाळीत गावाकडे समाजाचा गुणगौरव मेळावा होता. आमच्या लोकांचे असे मेळावे दिवाळीतच होतात, कारण सुरतेतले सगळे तेव्हाच गावी येतात. पदवी घेतलेली समाजातली पहिली मुलगी म्हणून माझा सत्कार ठरला होता. आईला रेल्वेत इतका वेळ बसवणार नव्हतं. मी म्हटलं, मी जात नाही. ती रागावली.

"मी काय मराले टेकेल शे का? जाय तू. आन तुना बापले बी ली जाय. लोकेस्ले दिसू दे, कोन्ही पोर शे ती."

औषधाची दुकानं बंद राहतील म्हणून मी दोन महिन्यांच्या गोळ्या आणून ठेवल्या, काकूंना तिच्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि आम्ही निघालो. दिवाळीत सुरतेतले साचे वीस-वीस दिवस बंद असतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या बंदमुळेच तर आई-अण्णांना गावी यायला मिळायचं. तरी माझ्या मनात ते आलं नाही.

गावी मला शाल आणि नारळ दिला. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी भाषणात सांगितलं, की मुलगी शिकली म्हणजे घरातल्या दुखण्याखुपण्यालाही आधार होतो. अण्णांनी डोळे पुसले. मामी म्हणाल्या, अजून दोन दिवस राहा. आम्ही राहिलो. जाऊन दहावा दिवस होता तेव्हा परत आलो.

दार काकूंनी उघडलं. आई भिंतीला टेकून बसली होती, अंग तापाने फणफणलेलं. ओठ सोललेले, तोंड आतून लालभडक, जिभेवर फोड. पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी येत होतं. दंडावर बारीक लाल ठिपके होते.

"म्या चार रोजापासून सांगून राह्यली," काकू म्हणाल्या. "म्हनलं, कायले खाता वो त्या गोया, तोंड पाहा कसं झालं. तं मले म्हने, मन्ही पोरगी शिकेल शे, तिनं सांगेल शे. आयकतच नव्हत्या."

मी गोळ्यांची पुडी पाहिली. त्यात एकही गोळी उरली नव्हती.

"माय, रोज घेतल्यास?"

तिला बोलणं जड जात होतं. "रोजच बंद शेतंस ना साचा," ती म्हणाली. "तू सांगेल व्हतं, तसंच करं मी."

आम्ही तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मला बाजूला बोलावलं. शरीरात नवं रक्त तयार होणंच थांबलं होतं, जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशी उरल्या नव्हत्या. ते माझ्यावर ओरडले नाहीत. "मैंने बोला था, बेन," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ताप जरा उतरला तेव्हा मी आईला खरं सांगितलं. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती, बंद म्हणजे नेहमीचा बंद, दिवाळीचा नव्हे, आणि हे मी सांगायला विसरले. तिने वाकडा हात माझ्या मनगटावर ठेवला.

"कोन्ले सांगू नको. नही ते लोके आपापल्या पोरीस्नी शाळा बंद करतीन."

पाचव्या दिवशी ती गेली.

दहाव्याचे विधी झाले आणि खात्यातले सात-आठ जण घरी आले. चुकीचं औषध देऊन बाई मारली, आपण डॉक्टरला जाब विचारू, असं ते म्हणत होते. अण्णांनी चपला घातल्या. मी त्यांचा हात धरला, त्यांना आतल्या बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. आईने सांगू नको म्हटलं होतं, तेही सांगितलं.

अण्णा खाली बसले. "तिले कयनं व्हतं?" तिला हे कळलं होतं का, एवढंच त्यांनी विचारलं.

"हो."

ते उठले, बाहेर गेले. "डागदरनी काही चूक नही," ते माणसांना म्हणाले. "आपलीच चूक शे, घरनी. गोया रोज खावाई गयात." कुणाची चूक, ते त्यांनी सांगितलं नाही.

एक जण हळहळला. "बिचारी अडाणी बाई. तिले काय समजस!" बाकीच्यांनी माना हलवल्या. मी दारातच उभी होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. माणसं पांगली.

तेव्हापासून आमच्या लोकांत असंच सांगितलं जातं, की हिची आई अडाणी होती, गोळ्यांचा हिशेब न कळून गेली. नात्यातल्या मुली शिकल्या, माझ्या हाताखाली शिकल्या, त्याही असंच समजतात. अण्णा आता नाहीत. म्हणून हे लिहिते आहे. आईला जे सांगितलं होतं ते तिने एकही दिवस न चुकता, तोंडाची साल निघत असतानाही, तंतोतंत केलं. तिची काही चूक नव्हती. चुकीचं सांगणारी मी होते.