आधी मोठ्यानं वाचा

हेंद्रेपाड्यात कुणाचं डोकं फिरलं की त्याचे पाय हरिभाऊंच्या दाराकडे वळतात. हरिचंद्र भोईर म्हणजे अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेले फिटर आणि आता सोसायटीचे बिनपगारी सल्लागार. त्यांचा नियम एकच. रागात लिहिलेला मेसेज पाठवायच्या आधी उभं राहून, मोठ्यानं, कुणाला तरी वाचून दाखवायचा. पार्किंगवरून पेटलेली माणसं त्यांच्या हॉलमध्ये येऊन वाचायला लागतात आणि निम्म्यातच हसून मेसेज खोडतात. मग हरिभाऊंचा चेहरा बघावा, जणू मोबाइलचा शोध त्यांनीच लावला.

अशा माणसाला एका दुपारी उल्हासनगर कॅम्प एकमधून हरेशचा फोन आला. हरेश जुना सिंधी मित्र, कापडाचा दुकानदार. त्याचा मेहुणा फ्लॅट दाखवायचं काम करतो.

"हरिभाऊ, बधाई हो. राजसने वांगणीला घर घेतलं आणि आम्हाला पेढा नाही?"

राजस हा एकुलता एक मुलगा. सकाळी समोर बसून चहा प्यायला होता, पण घराबद्दल चकार शब्द नाही. म्हणजे मुलगा-सून वेगळे होणार आणि ते बापाला कळणार कॅम्पातून. हरिभाऊंच्या अंगाचा तिळपापड झाला. नियमबियम गेला खड्ड्यात. त्यांनी दणादण मेसेज लिहिला, पोरगं कायमचं तुटेल असा.

"अहो," मेथी निवडता निवडता बकुळाबाई म्हणाल्या, "उभे राहा की."

"मी काय सोसायटीतला आहे?"

"वाचा मोठ्यानं."

हरिभाऊ उठले. 'आजपासून तुझा-माझा संबंध संपला' हे फर्डं निघालं. 'बापाला किंमतच नाही' हेही बरं जमलं. पुढे होतं, 'जा खुशाल, इथं कुणी तुझी वाट बघत नाही', आणि तिथं आवाजच फुटेना. रोज संध्याकाळी राजस दिसेपर्यंत हा माणूस गॅलरीत उभा असतो, हे समोर मेथी निवडणारीला ठाऊक होतं. खोटं लिहिता येतं हो, तिच्यासमोर तोंडानं बोलवत नाही.

"मला सोडून जाणार गं तो," एवढं म्हणून हरिभाऊ खाली बसले.

मग सगळं खोडून त्यांनी नवं लिहिलं, 'वांगणीच्या घराला पाणी कसं आहे?'

राजसचं उत्तर लगेच आलं. 'घेतलं नाही बाबा, नुसतं बघितलंय. पाणी तुम्ही बघितल्याशिवाय कसं घेणार? तुमच्या खोलीला गॅलरी आहे. तुम्ही हेंद्रेपाडा सोडायला नाही म्हणाल, म्हणून कितीदा तरी मेसेज लिहिला. तुमच्याच नियमानं आधी आईला वाचून दाखवतो. ती दर वेळी म्हणते, अजून जमला नाही, पुन्हा लिही.'

हरिभाऊंनी मान वर केली. बकुळाबाईंचं सगळं लक्ष मेथीच्या काड्यांत होतं. त्यांना बायकोचा जाम राग आला. पण तो आधी कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवायचा, तर घरात दुसरं कुणीच नव्हतं.